कंपवाताचा औषधोपचार आणि परिचर्या : एक ऐतिहासिक अभ्यास (इ.स. १८१७ ते २०१८)

प्रस्तावना :

वैद्यकाच्या इतिहासात रोगाला नाव देणारा, रोगाचे कारण शोधणारा आणि त्यावर औषध काढणारा या तिघांची नोंद ठळकपणे घेतली जाते. रुग्णाला ठरल्या वेळी औषध देणारे, रात्री कुशीवर वळवणारे आणि घास भरवणारे हात मात्र या इतिहासात क्वचितच दिसतात. पार्किन्सनचा आजार, ज्याला मराठीत सामान्यतः 'कंपवात' असे म्हटले जाते, त्याच्या इतिहासलेखनातही हेच घडलेले आहे. १८१७ मधील जेम्स पार्किन्सन यांचा निबंध, १९६० मधील डोपामीनविषयक शोध आणि १९६७ मधील लेव्होडोपाचे यश हे टप्पे सर्वत्र सांगितले जातात. या टप्प्यांच्या दरम्यान रुग्णाची शुश्रूषा कोण व कशी करीत होते, तसेच नवे औषध आल्यानंतर त्या शुश्रूषेचे स्वरूप कसे बदलले, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही.

हा प्रश्न केवळ इतिहासाच्या जिज्ञासेचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक व्यक्ती या आजाराने ग्रस्त होत्या. आजार पूर्णपणे बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. उपलब्ध औषधे लक्षणे आटोक्यात ठेवतात, परंतु ती कोणत्या वेळी, कशासोबत आणि कोणाच्या निरीक्षणाखाली दिली जातात यावर त्यांचा परिणाम अवलंबून असतो. त्यामुळे औषधाचा इतिहास आणि परिचर्येचा इतिहास हे वेगवेगळे ठेवून या आजाराचे आकलन होऊ शकत नाही, अशी प्रस्तुत शोधनिबंधाची भूमिका आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) कंपवाताच्या औषधोपचारातील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे, (२) प्रत्येक टप्प्यावर परिचर्येच्या स्वरूपात झालेला बदल स्पष्ट करणे, (३) या इतिहासाशी भारताचा व विशेषतः महाराष्ट्राचा आलेला संबंध तपासणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन कालक्रमानुसार केले आहे.

१. पार्किन्सन यांचा निबंध : औषधाविना परिचर्या

जेम्स पार्किन्सन (१७५५–१८२४) हे लंडनच्या हॉक्स्टन भागात व्यवसाय करणारे अपोथेकरी, म्हणजे रुग्ण तपासून स्वतःच औषधे तयार करून देणारे वैद्य होते. त्यांचे वडीलही याच व्यवसायात होते. राजकीय सुधारणांचा पुरस्कार करणारी पत्रके त्यांनी 'ओल्ड ह्युबर्ट' या टोपणनावाने लिहिली. भूगर्भशास्त्र व जीवाश्म हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते आणि १८०७ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे ते संस्थापक सदस्य होते. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, १८१७ मध्ये, त्यांनी कंपयुक्त पक्षाघातावर ६६ पृष्ठांचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात केवळ सहा रुग्णांचे वर्णन असून त्यांपैकी काही जण त्यांना रस्त्यात दिसलेले होते. चालण्याची लकब, पुढे झुकलेले शरीर आणि विश्रांतीच्या अवस्थेतील हातांचा कंप यांवरून त्यांनी या रुग्णांना ओळखले. रुग्णालयाऐवजी रस्त्यावरच्या निरीक्षणातून एका रोगाची ओळख पटावी, ही बाब उल्लेखनीय आहे.

या निबंधाचे वाचन सामान्यतः लक्षणांच्या यादीसाठी केले जाते. परंतु परिचर्येच्या दृष्टीने तो वाचल्यास त्यातून वेगळी माहिती हाती येते. आजाराच्या उत्तरावस्थेत रुग्णाला स्वतःच्या हाताने जेवता येत नाही. बद्धकोष्ठ इतके वाढते की तीव्र रेचके द्यावी लागतात व प्रसंगी बाह्य साहाय्याने मलविसर्जन करवावे लागते. झोप कंपामुळे मोडते, असे त्यांनी नोंदवले आहे. चालताना रुग्ण तोंडावर आपटू नये यासाठी त्याचा सेवक त्याच्यासमोर उलट्या पावलांनी चालत असे आणि त्याच्या खांद्यांना पुढून हातांचा आधार देत असे, असेही वर्णन या निबंधात येते. कंपवाताच्या परिचर्येची आधुनिक वैद्यकीय साहित्यातील ही आरंभीची नोंद मानता येईल. मात्र असे करणाऱ्या सेवकाचे नाव निबंधात नाही.

उपचारांच्या बाबतीत पार्किन्सन यांनी मानेच्या भागातून रक्त काढणे व तेथे फोड उठवून जखम वाहती ठेवणे असे त्या काळातील उपाय सुचवले. रोगाचे मूळ मानेतील मज्जारज्जूच्या वरच्या भागात असावे, हे त्यामागील गृहीतक होते. पुढे ते अयोग्य ठरले. तथापि रोगाचे स्वरूप अधिक चांगले समजेपर्यंत पोटात घ्यावयाच्या औषधांचा वापर समर्थनीय ठरत नाही, हे त्यांचे मत त्यांच्या वैज्ञानिक प्रामाणिकपणाची साक्ष देते. याचा अर्थ असा की, या टप्प्यावर रुग्णाला प्रत्यक्ष उपयोगी पडणारी गोष्ट होती ती केवळ माणसाच्या हाताचा आधार.

२. शार्को आणि साल्पेट्रियेर : निरीक्षणाची सुरुवात

पॅरिसमधील साल्पेट्रियेर ही संस्था एकोणिसाव्या शतकात हजारो वृद्ध, निराधार व दीर्घकाळ आजारी स्त्रियांचे आश्रयस्थान होती. तेथे काम करणारे मज्जासंस्थातज्ज्ञ ज्याँ-मार्तँ शार्को (१८२५–१८९३) यांनी या आजाराचा पद्धतशीर अभ्यास केला. सर्वच रुग्णांत कंप नसतो आणि स्नायूंना खऱ्या अर्थाने पक्षाघात झालेला नसतो, त्यामुळे 'कंपयुक्त पक्षाघात' हे नाव दिशाभूल करणारे आहे, असे त्यांनी दाखवून दिले. आजाराला पार्किन्सन यांचे नाव द्यावे हा प्रस्तावही त्यांचाच होय. स्नायूंचा ताठरपणा आणि हालचालींचा मंदपणा ही दोन लक्षणे त्यांनी स्पष्टपणे वेगळी केली.

शार्को यांच्या व्याख्यानांतील एक निरीक्षण परिचर्येच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. हे रुग्ण एकाच स्थितीत फार वेळ राहू शकत नाहीत. रात्री त्यांना कुशीवर वळवून द्यावे लागते, पाव-अर्ध्या तासात ते पुन्हा वळवण्याची विनंती करतात आणि विलंब झाल्यास कण्हू लागतात, असे त्यांनी नमूद केले आहे. हे वर्णन रुग्णाचे आहे, तसेच ते रात्रभर जागणाऱ्या परिचारिकेच्या श्रमाचेही आहे. याच काळात शार्को यांचे शिष्य बूर्नव्हील यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये साल्पेट्रियेर व बिसेत्र येथे परिचर्येच्या शाळा सुरू झाल्या. त्यापूर्वी, १८६० मध्ये, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा सुरू झाली होती. रुग्णाचे बारकाईने निरीक्षण करणे हे परिचारिकेचे प्रधान कर्तव्य आहे, हा नाइटिंगेल यांचा आग्रह होता. कंपवातासारख्या हळूहळू वाढणाऱ्या आजारात या कर्तव्याचे महत्त्व पुढे अधिकच वाढले.

औषधांच्या क्षेत्रात शार्को यांनी बेलाडोनासारख्या वनस्पतींपासून मिळणाऱ्या अल्कलॉइड द्रव्यांचा वापर केला. या द्रव्यांनी लाळ व कंप काही प्रमाणात कमी होत असे. मात्र तोंडाला कोरड पडणे, दृष्टी अंधुक होणे, लघवी अडणे आणि वृद्धांत संभ्रम निर्माण होणे हे दुष्परिणामही होत. म्हणजे औषध आल्यामुळे शुश्रूषेचे काम कमी झाले नाही, तर त्यात दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या नव्या कामाची भर पडली. बैलगाडी, मोटार वा आगगाडीच्या प्रवासात हादरे बसल्यावर बरे वाटते, असा अनुभव आपल्याकडे वृद्ध माणसे कधीकधी सांगतात. शार्को यांच्या रुग्णांनीही आगगाडीच्या व घोडागाडीच्या प्रवासानंतर आराम वाटल्याचे सांगितले होते. त्यावरून त्यांनी हादरे देणारी एक खुर्ची तयार करवून घेतली व १८९२ मध्ये तिच्याविषयी व्याख्यान दिले. रुग्णाच्या सांगण्याला उपचाराचा आधार मानण्याची ही वृत्ती परिचर्याशास्त्राला जवळची आहे.

३. झोपेच्या साथीचे अवशेष : दीर्घकालीन कक्ष

१९१७ मध्ये व्हिएन्ना येथील फॉन इकोनोमो यांनी 'एन्सेफलायटिस लेथार्जिका' या मेंदूदाहाचे वर्णन केले. या साथीने पुढील दशकात जगभर असंख्य बळी घेतले. वाचलेल्यांपैकी अनेकांना काही वर्षांनी कंपवातासारखी, परंतु अधिक तीव्र लक्षणे दिसू लागली. त्यात तरुण व मुलेही होती. १९१९ मध्ये त्रेतियाकॉफ यांनी पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात मेंदूच्या मध्यभागातील 'सबस्टॅन्शिया नायग्रा' या गडद रंगाच्या भागाचा ऱ्हास आणि हा आजार यांचा संबंध दाखवला. त्याआधी १९१२ मध्ये लेवी यांनी मेंदूच्या पेशींतील ज्या सूक्ष्म कणांचे वर्णन केले, ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

या साथीतून वाचलेले कित्येक रुग्ण न्यूयॉर्कमधील बेथ अब्राहम किंवा लंडनमधील हायलँड्स यांसारख्या रुग्णालयांत दशकानुदशके राहिले. ते जवळजवळ निश्चल होते. त्यांना भरवणे, स्वच्छ करणे, शय्याव्रण टाळण्यासाठी कूस बदलणे आणि सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हलवणे हेच त्यांच्या जगण्याचे साधन होते. त्यांच्यापैकी काही जण चाळीस वर्षांनंतर, १९६९ मध्ये, लेव्होडोपा हे नवे औषध घेण्यास जिवंत राहिले. ऑलिव्हर सॅक्स यांनी बेथ अब्राहममधील या रुग्णांवर १९७३ मध्ये लिहिलेले 'अवेकनिंग्ज' हे पुस्तक सर्वश्रुत आहे. त्यातील जागृती औषधाने घडवली हे खरे. पण जागृतीच्या क्षणापर्यंत ते देह जिवंत ठेवण्याचे श्रेय परिचर्येकडे जाते, हे इतिहासकाराने नमूद करणे आवश्यक आहे.

याच कालखंडात १९४९ च्या सुमारास ट्रायहेक्सिफेनिडिल हे कृत्रिम औषध वापरात आले आणि वनस्पतिजन्य अल्कलॉइडांची जागा त्याने घेतली. कंपावर ते गुणकारी असले, तरी वृद्धांत विस्मरण व भ्रम निर्माण करण्याचा जुना दोष त्यातही राहिला.

४. सर्पगंधेपासून डोपामीनपर्यंत : मुंबईचा दुवा

कंपवाताच्या औषधाचा शोध एका वेगळ्याच आजारावरील भारतीय वनस्पतीशी जोडलेला आहे. सर्पगंधेच्या मुळांचा उपयोग भारतात दीर्घकाळ होत आला आहे. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उच्च रक्तदाब व उन्माद यांवरील तिच्या उपयोगाकडे आधुनिक वैद्यकाचे लक्ष वेधले. मुंबईतील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले निष्कर्ष १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केल्यानंतर या वनस्पतीची जगभर दखल घेतली गेली. त्याबद्दल १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेपासून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले.

रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. हा दुष्परिणामच पुढील शोधाची किल्ली ठरला. १९५७ मध्ये स्वीडनमधील अर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल केलेल्या प्राण्यांना डोपा हे द्रव्य दिले असता ते पुन्हा हालचाल करू लागल्याचे दाखवले. या संशोधनाचा पुढे २००० मध्ये नोबेल पुरस्काराने गौरव झाला. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे एरिंगर व हॉर्निकिविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंच्या तपासणीतून डोपामीनची कमतरता सिद्ध केली. पुढील वर्षी बर्कमायर व हॉर्निकिविच यांनी रुग्णांना लेव्होडोपा शिरेतून दिले. उठून बसू न शकणारे रुग्ण बसू लागले, बसलेले उभे राहू लागले. मात्र हा परिणाम काही तासांपुरताच टिकला.

मुंबईतील रक्तदाबाच्या रुग्णांपासून व्हिएन्नातील कंपवाताच्या रुग्णांपर्यंतचा हा मार्ग सरळ नव्हता. तरीही सर्पगंधेविना रेसर्पिन आणि रेसर्पिनविना कार्लसन यांचा प्रयोग त्या रूपात झाला नसता, एवढे निश्चित म्हणता येते.

५. लेव्होडोपा : मात्रेचा प्रश्न

१९६१ नंतरच्या काही वर्षांत लेव्होडोपाविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी होते. अल्प मात्रेचा परिणाम दिसत नसे आणि मोठी मात्रा एकदम दिल्यास उलट्या होत. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील जॉर्ज कोत्झियास यांनी १९६७ मध्ये यातून मार्ग काढला. त्यांनी १६ रुग्णांना डोपा तोंडावाटे, अतिशय हळूहळू वाढवत, दिवसाला ३ ते १६ ग्रॅमपर्यंत दिले. त्यांपैकी निम्म्या रुग्णांत ठळक सुधारणा झाली. १९७० मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

कोत्झियास यांचे यश नव्या द्रव्याचे नव्हते, तर मात्रा वाढवण्याच्या पद्धतीचे होते, ही बाब येथे लक्षात घेतली पाहिजे. अशा पद्धतीत दररोज मळमळ, रक्तदाब, हालचाल व मनःस्थिती यांची नोंद ठेवावी लागते आणि त्यानुसार पुढील मात्रा ठरते. म्हणजेच लेव्होडोपाचा शोध प्रयोगशाळेत लागला असला, तरी त्याचे औषधात रूपांतर रुग्णकक्षातील दैनंदिन निरीक्षणामुळे शक्य झाले.

त्याच १९६७ या वर्षी मार्गारेट होन व मेल्व्हिन यार यांनी लेव्होडोपापूर्व काळातील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांचा मृत्युदर सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे तिप्पट असल्याचे त्यातून दिसले. त्यांनी आखून दिलेल्या आजाराच्या पाच अवस्था आजही वापरल्या जातात. त्यांतील पाचवी अवस्था, म्हणजे मदतीशिवाय अंथरूण किंवा चाकाची खुर्ची सोडता न येणे, ही व्याख्याच मुळात परिचर्येच्या गरजेवर आधारलेली आहे.

पुढील टप्पा कार्बिडोपा व बेन्सेराझाइड या जोडद्रव्यांचा होता. ही द्रव्ये लेव्होडोपाचे मेंदूबाहेर होणारे रूपांतर रोखतात. त्यामुळे १९७० च्या दशकाच्या मध्यापासून लेव्होडोपाची मात्रा सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी करता आली व उलट्यांचा त्रास घटला. तत्पूर्वी 'ब-६' जीवनसत्त्व घेतल्यास लेव्होडोपाचा परिणाम नाहीसा होतो, असे १९६९ मध्ये आढळले होते. त्यामुळे रुग्णाच्या टॉनिकातही काय आहे, हे पाहणे भाग होते. जोडद्रव्यांमुळे ही अडचण मुख्यतः दूर झाली.

परंतु काही वर्षांच्या उपचारानंतर नवीन समस्या समोर आल्या. औषधाचा प्रभाव पुढील मात्रेपूर्वीच ओसरू लागला. रुग्ण एका तासाला चालताबोलता, तर दुसऱ्या तासाला जागच्या जागी खिळलेला, अशी अवस्था निर्माण झाली. काहींमध्ये अंगाला अनियंत्रित झोके बसू लागले. १९७४ पासून ब्रोमोक्रिप्टिन, त्यानंतर सेलेजिलिन व एन्टाकॅपोन यांसारखी औषधे आणि १९८७ पासून ग्रेनोबल येथील बेनाबिद यांच्या कार्यातून विकसित झालेली मेंदूतील खोल उत्तेजनाची शस्त्रक्रिया, हे सर्व उपाय प्रामुख्याने कंप व अशा चढउतारांवर नियंत्रण मिळवण्यासाठी पुढे आले.

६. खाजकुयली : परंपरा आणि पुरावा

चरकसंहितेतील ऐंशी वातविकारांच्या यादीत 'वेपथु' म्हणजे कंप याचा उल्लेख आहे. त्यावरून प्राचीन भारतीयांना पार्किन्सनचा आजार व त्याचे औषध दोन्ही ज्ञात होते, असे विधान अनेकदा केले जाते. इतिहासाच्या दृष्टीने असे विधान सावधपणे तपासले पाहिजे. कंप हे अनेक आजारांत आढळणारे लक्षण आहे. एका लक्षणाच्या उल्लेखावरून आधुनिक रोगनिदान प्राचीन ग्रंथात शोधणे हा कालविपर्यास ठरतो. कपिकच्छू म्हणजे खाजकुयलीचे बी आयुर्वेदात मुख्यतः बल्य व वृष्य द्रव्य म्हणून सांगितले आहे.

मात्र त्याच खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असल्याचे १९३७ मध्ये दामोदरन व रामस्वामी यांनी दाखवून दिले, ही निर्विवाद वस्तुस्थिती आहे. त्या वेळी या द्रव्याचा कंपवाताशी असलेला संबंध जगात कोणालाही ज्ञात नव्हता. युरोपातही १९१३ मध्ये गुगेनहाइम यांनी बाकल्याच्या शेंगांपासून हे द्रव्य मिळवले होते. पुढे १९७८ मध्ये मुंबईतील अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी खाजकुयलीच्या बियांचा कंपवातावरील उपयोग अभ्यासून प्रसिद्ध केला. २००४ मध्ये लंडन येथील एका छोट्या, आठ रुग्णांवरील चाचणीतही तिचा परिणाम तपासण्यात आला. या अभ्यासांतून वनस्पतीची उपयुक्तता सूचित होते. तथापि बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण सारखे नसते. त्यामुळे रुग्णाने डॉक्टरांना न सांगता गोळ्यांसोबत ही चूर्णे घेतल्यास एकूण मात्रा अनियंत्रित होण्याचा धोका असतो. रुग्ण आणखी काय काय घेतो, हे विचारून नोंदवणे हा परिचर्येचाच भाग होय.

७. घड्याळाची परिचर्या

लेव्होडोपाच्या दीर्घ वापरातून परिचर्येला जे नवे स्वरूप आले, त्याला 'घड्याळाची परिचर्या' म्हणता येईल. सर्वसाधारण रुग्णकक्षात औषधे ठरावीक फेरीच्या वेळी वाटली जातात. कंपवाताच्या रुग्णाची वेळ मात्र त्याच्या शरीराने ठरवलेली असते. गोळीला विलंब झाल्यास तो अंथरुणावर वळू शकत नाही, गिळू शकत नाही व बोलूही शकत नाही. म्हणजे तक्रार करण्याचे साधनच त्याच्यापाशी उरत नाही. औषध एकाएकी बंद झाल्यास तीव्र ताप, ताठरपणा व शुद्ध हरपणे अशी प्राणघातक अवस्था उद्भवू शकते.

या अनुभवांतून परिचर्येची काही तत्त्वे निश्चित झाली आहेत. लेव्होडोपा शक्यतो जेवणापूर्वी सुमारे अर्धा ते एक तास द्यावे, कारण प्रथिनयुक्त आहार त्याच्या शोषणात व मेंदूतील प्रवेशात अडथळा आणतो. औषधाचा प्रभाव असतानाच जेवण, स्नान व व्यायाम योजावेत. रुग्ण उठून उभा राहताना रक्तदाब उतरून तोल जाऊ शकतो, म्हणून आधी काही वेळ बसवावे. गिळण्यात अडचण असल्यास सरळ बसवून लहान घास द्यावेत व ठसक्याकडे दुर्लक्ष करू नये. बद्धकोष्ठासाठी पाणी, तंतुमय आहार व आवश्यक ती औषधे द्यावीत. भास होणे किंवा जुगार, खरेदी यांसारख्या गोष्टींचा अनिवार ओढा निर्माण होणे हे स्वभावदोष न समजता औषधांचे संभाव्य परिणाम म्हणून डॉक्टरांना कळवावेत. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड, भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल किंवा चक्करेसाठी सिनारिझिन यांसारखी औषधे कंपवाताची लक्षणे वाढवतात, याचे भान ठेवावे. या यादीतील बद्धकोष्ठ, भरवणे व तोल सावरणे या बाबी १८१७ च्या निबंधातही होत्या. बाकीच्या बहुतेक बाबी औषधांनी निर्माण केल्या आहेत.

८. विशेषज्ञ परिचारिकेचा उदय

या गुंतागुंतीतून ब्रिटनमध्ये १९८९ साली कॉर्नवॉल येथे पार्किन्सन-विशेषज्ञ परिचारिकेची पहिली नेमणूक झाली. २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,८५९ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष उद्बोधक आहेत. विशेषज्ञ परिचारिकेमुळे रुग्णांच्या शारीरिक स्थितीत दोन वर्षांत मोजता येण्याजोगा फरक पडला नाही. परंतु रुग्णांना स्वतःचे आरोग्य तुलनेने बरे वाटू लागले आणि एकूण खर्च वाढला नाही. परिचर्येचे मूल्य केवळ स्नायूंच्या मोजमापात शोधले तर ते सापडत नाही, हा या निष्कर्षाचा अर्थ होय.

२००४ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रशिक्षित उपचारकांचे 'पार्किन्सननेट' हे जाळे सुरू झाले. २००६ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने विशेषज्ञ परिचारिकेची शिफारस केली. त्याच वर्षी तेथील रुग्णसंघटनेने रुग्णालयात गोळी वेळेवर मिळावी यासाठी मोहीम सुरू केली. २०१८ च्या ब्रिटिश गुणवत्ता निकषांनुसार लेव्होडोपा ठरलेल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत मिळाले पाहिजे. एका गोळीच्या वेळेला राष्ट्रीय निकषाचे स्थान मिळण्यास लेव्होडोपाच्या मान्यतेनंतर जवळजवळ अर्धशतक लागले.

९. महाराष्ट्राच्या संदर्भात

मुंबईतील पारशी वसाहतींमधील १४,०१० व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ४६ रुग्ण आढळले, म्हणजे दर लाखामागे सुमारे ३२८ इतके प्रमाण होते. भारतात हा आजार क्वचित आढळतो, या समजुतीला छेद देणारी ही आकडेवारी होती. पारशी समाजातील वृद्धांचे मोठे प्रमाण लक्षात घेता हे आकडे संपूर्ण महाराष्ट्राला लागू करता येणार नाहीत. तरीही समाजाचे आयुर्मान वाढेल तसा हा आजार वाढेल, ही सूचना त्यात आहे.

२००१ मध्ये मुंबईत 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' स्थापन झाली. पुण्यात 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' हा रुग्ण व त्यांची काळजी घेणारे कुटुंबीय यांचा गट कार्यरत झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने या आजाराचा समावेश दिव्यांगत्वाच्या यादीत केला. ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु आपल्याकडे कंपवाताची परिचर्या आजही प्रामुख्याने घरात होते आणि ती बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी करते. तिला प्रशिक्षण नसते, सुटी नसते व मोबदलाही नसतो. रुग्ण कोणत्याही कारणाने रुग्णालयात दाखल झाला, तर गोळ्यांच्या वेळा तिलाच ठाऊक असतात; परंतु कक्षाच्या नियमानुसार औषधे परिचारिकेच्या ताब्यात जातात आणि त्या माहितीची विचारणा होतेच असे नाही. पार्किन्सन यांच्या निबंधातील उलट्या पावलांनी चालणाऱ्या सेवकाप्रमाणे तीही नोंदीबाहेर राहते.

निष्कर्ष :

१. कंपवाताच्या परिचर्येच्या इतिहासात आधाराची, निरीक्षणाची आणि वेळेची परिचर्या असे तीन टप्पे दिसतात. नवा टप्पा आल्यावर जुना संपला नाही, तर त्यात भर पडत गेली.

२. प्रत्येक नव्या औषधाने परिचर्येची गरज कमी न करता तिचे स्वरूप अधिक कौशल्याचे केले.

३. लेव्होडोपाचे यश मात्रा हळूहळू वाढवण्याच्या पद्धतीवर व पर्यायाने सातत्यपूर्ण निरीक्षणावर अवलंबून होते.

४. या इतिहासात मुंबईतील सर्पगंधाविषयक संशोधनाचा दुवा वास्तव आहे. मात्र प्राचीन ग्रंथांत आधुनिक निदान शोधण्याचा मोह टाळणे आवश्यक आहे.

५. रुग्णालयात दाखल होताना रुग्णाच्या औषधांच्या वेळा कुटुंबीयांकडून लिहून घेणे व त्या पाळणे, ही खर्चाविना करता येणारी सुधारणा आहे. परिचर्या अभ्यासक्रमात तिचा समावेश व्हावा.

समारोप :

दोनशे वर्षांच्या या कालखंडात कंपवाताच्या रुग्णाचे आयुष्य निश्चितच सुसह्य झाले आहे. त्याचे श्रेय प्रयोगशाळेला जितके आहे, तितकेच ते रुग्णाच्या उशाशी बसून घड्याळाकडे लक्ष ठेवणाऱ्यांनाही आहे. पहिल्यांचा इतिहास लिहिला गेला आहे. दुसऱ्यांचा लिहिण्यासाठी रुग्णकक्षातील नोंदवह्या, परिचर्या-शाळांचे अभ्यासक्रम आणि कुटुंबीयांच्या मौखिक आठवणी ही साधने अभ्यासकांना उपलब्ध आहेत. महाराष्ट्रातील इतिहास विभागांनी व परिचर्या महाविद्यालयांनी एकत्रितपणे हे काम हाती घेतल्यास वैद्यकाच्या इतिहासातील एक मोठी उणीव भरून निघेल.